मत माणसाचे, मत मुलखाचे : स्टोर्टिंगच्या मतदारसंघांची दोनशे वर्षे

नॉर्वेच्या संसदेत, म्हणजे स्टोर्टिंगमध्ये, सत्ताधारी एका बाजूला आणि विरोधक समोर अशी बैठक नाही. अर्धवर्तुळाकार सभागृहात सदस्य बसतात ते आपापल्या मतदारसंघाच्या नावाच्या वर्णानुक्रमाने. त्यामुळे एकाच जिल्ह्यातून आलेला मजूर पक्षाचा सदस्य आणि प्रचारात त्याच्याशी भांडलेला उजव्या पक्षाचा सदस्य पुढची चार वर्षे शेजारी शेजारी बसतात. एका मतदारसंघाच्या अशा सर्वपक्षीय गटाला तिथे त्या जिल्ह्याचा ‘बाक’ म्हणतात : फिनमार्कचा बाक, होर्डालँडचा बाक. बोगदा, बंदर, रुग्णालय, मासेमारीचा कोटा असा विषय निघाला की बाकावरची मंडळी पक्षभेद बाजूला ठेवून एकत्र खल करतात, आणि आपल्या बाकाने काय पदरात पाडले याचा हिशेब गावाकडे मांडला जातो.

ही नुसती बसण्याची सोय नाही. संसदेत प्रतिनिधित्व माणसांना मिळावे की ती माणसे ज्या मुलखात राहतात त्या मुलखाला, हा वाद नॉर्वेत १८१४ पासून चालू आहे. मतदारसंघांचा नकाशा जेव्हा जेव्हा बदलला, तेव्हा या वादात कोणती तरी तडजोड झाली होती. स्टोर्टिंगचा इतिहास पंतप्रधानांच्या आणि पक्षांच्या नावांनी सांगण्याची पद्धत आहे. या नकाशावरून तो अधिक खरा कळतो असे मला वाटते.

चर्चमधली निवडणूक

१८१४ च्या जानेवारीत कीलचा तह झाला आणि डेन्मार्कच्या राजाला नॉर्वे स्वीडनच्या राजाच्या हवाली करावा लागला. (पुण्यात तेव्हा दुसरा बाजीराव गादीवर होता.) नॉर्वेतल्या लोकांना कोणी विचारलेच नव्हते. डेन्मार्कचा राजपुत्र क्रिस्टियन फ्रेडरिक त्या वेळी नॉर्वेचा कारभार पाहत होता. त्याने हा व्यवहार मानला नाही. देशातल्या वजनदार मंडळींशी सल्लामसलत करून त्याने राज्यघटना बनवण्यासाठी लोकांचे प्रतिनिधी बोलावले.

पण प्रतिनिधी निवडायचे कसे? मतदारयाद्या नव्हत्या, निवडणूक अधिकारी नव्हते. गावोगाव पोचलेली एकच यंत्रणा होती, ती म्हणजे चर्च. २५ फेब्रुवारी हा प्रार्थनेचा दिवस ठरला. लांबच्या गावी निरोप उशिरा पोचला तिथे नंतरचा शुक्रवार धरला गेला. लोक चर्चमध्ये जमले, पाद्र्याने राजपुत्राचे पत्र वाचून दाखवले, देशाच्या स्वातंत्र्याचे रक्षण करण्याची शपथ झाली आणि त्याच बैठकीत निर्वाचक निवडले गेले. या निर्वाचकांनी मग जिल्ह्याच्या ठिकाणी जमून प्रतिनिधी ठरवले. जिल्ह्याला तेव्हा ‘आम्ट’ म्हणत. प्रत्येक आम्टाचे तीन प्रतिनिधी, त्यांतला एक तरी शेतकरी असलाच पाहिजे, अशी अट होती. व्यापारी शहरांचे प्रतिनिधी वेगळे आणि लष्कराच्या रेजिमेंटांचे आणखी वेगळे. घाईत आखलेल्या या नकाशात पुढच्या शंभर वर्षांच्या भांडणाचे सगळे पक्षकार होते : खेडे, शहर, अधिकारी आणि शेतकरी.

एप्रिलमध्ये ११२ जण आयड्सवोल येथे कार्स्टेन आंकेर यांच्या वाड्यात जमले. निम्म्याहून अधिक सरकारी अधिकारी होते, ३७ शेतकरी होते, बाकीचे व्यापारी आणि लोखंडाच्या कारखान्यांचे मालक. घटनेचा जनक म्हणून पुढे ज्यांचे नाव घेतले गेले ते क्रिस्टियन मॅग्नस फाल्सेनही या ११२ जणांत होते. बर्गेन शहराने चार जण पाठवले होते. त्यांतले विल्हेल्म फ्रिमान कोरेन क्रिस्टी सभेचे चिटणीस झाले. बर्गेनचेच दुसरे प्रतिनिधी, व्यापारी फ्रेडरिक मेल्टझर यांनी पुढे १८२१ मध्ये नॉर्वेच्या आजच्या ध्वजाची आकृती सुचवली. १७ मे १८१४ रोजी घटनेवर शिक्कामोर्तब झाले. तो दिवस आजही नॉर्वेचा राष्ट्रीय सण आहे.

एक गोष्ट मात्र या सोहळ्याच्या वर्णनांत चटकन उरकली जाते. आयड्सवोलच्या सभेत देशाच्या उत्तरेकडच्या नॉर्डलँड आणि फिनमार्क या भागांचा एकही प्रतिनिधी नव्हता. त्यांना कोणी वगळले नव्हते. निरोप पोचून, निवडणूक होऊन, माणसे बोटीने दक्षिणेला येईपर्यंत सभा आटोपलेली असणार होती. अंतर हाच तिथला मोठा राजकीय प्रश्न होता, आणि तो पहिल्या दिवसापासून होता. दोनशे वर्षांनी अंतराला घटनेत आकड्यांची जागा कशी मिळाली ते पुढे येईलच.

निर्वाचकांची नव्वद वर्षे

नोव्हेंबर १८१४ मध्ये नॉर्वेला स्वीडनबरोबर एका राजाखाली नांदणे भाग पडले, पण घटना आणि संसद दोन्ही टिकली. स्टोर्टिंगला स्वतःची इमारत नव्हती. क्रिस्टियानियातल्या (आजच्या ओस्लोतल्या) कॅथेड्रल शाळेच्या सभागृहात ते भरू लागले आणि पुढची चाळीस वर्षे तिथेच भरत राहिले. आजची इमारत स्वीडिश वास्तुकार एमिल विक्टर लांग्लेट यांच्या आराखड्यावरून १८६६ मध्ये पुरी झाली. अधिवेशन तीन वर्षांतून एकदा होई. दरवर्षी भरायला १८७१ उजाडले.

निवडणूक अप्रत्यक्ष होती. खेड्यांत दर १०० मतदारांमागे एक निर्वाचक, शहरांत दर ५० मतदारांमागे एक. खेड्यांतल्या निर्वाचकांनी आपल्या संख्येच्या एक दशांश प्रतिनिधी निवडायचे, शहरांतल्यांनी एक चतुर्थांश. एका आम्टाला किंवा शहराला चारापेक्षा जास्त प्रतिनिधी नाहीत. शहर फारच लहान असेल तर त्याने शेजारच्या शहराला जोडून घ्यायचे. हा हिशेब जरा थांबून पाहण्यासारखा आहे. निर्वाचक निवडताना शहरी मतदार दुप्पट वजनाचा, आणि निर्वाचकांतून प्रतिनिधी निवडताना पुन्हा अडीच पट. देशातली जेमतेम दहा टक्के माणसे शहरांत राहत असताना शहरांच्या वाट्याला सुमारे एक तृतीयांश जागा याव्यात असाच बेत होता.

मतदार कोण? पंचवीस वर्षांवरचा पुरुष, जो सरकारी अधिकारी आहे किंवा होता, नोंदलेल्या शेतजमिनीचा मालक किंवा दीर्घ मुदतीचा कूळ आहे, अथवा शहरात व्यापाराचा परवाना किंवा ठरावीक किमतीचे घरदार बाळगून आहे. पंचवीस वर्षांवरच्या पुरुषांपैकी जवळजवळ निम्मे या चाळणीतून पार होत. त्या काळच्या युरोपात हे प्रमाण थक्क करणारे होते. शेतमजूर, नोकर आणि समस्त स्त्रिया बाहेरच राहिल्या. ज्यूंना तर देशातच प्रवेश नव्हता. ते कलम कवी हेन्रिक वेर्गेलान यांच्या लढ्यानंतर, आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १८५१ मध्ये रद्द झाले.

हक्क मिळाला तरी शेतकरी आधी शेतकऱ्याला निवडत नव्हता. कायदा आणि कागदपत्रे हे न्यायाधीशाचे, पाद्र्याचे काम, अशी समजूत होती. मत देण्याआधी घटनेशी निष्ठेची शपथ घेऊन यादीत नाव नोंदवावे लागे, त्याचाही अनेकांना कंटाळा. शिवाय राजधानीत महिनोन्‌महिने राहायचे तर शेती कोणी पाहायची? ही समजूत मोडायचे काम ज्यांनी केले त्यांत यॉन नीरगॉर या शेतकरी प्रतिनिधीचे नाव पहिले घ्यावे लागते. १८३० च्या सुमारास त्यांनी शेतकऱ्यांच्या भाषेत, संवादाच्या रूपात एक पुस्तिका लिहिली. ‘ओलाचे पुस्तक’ या नावाने ती गावोगाव पोचली. तुमच्या करांचा निर्णय तुमच्याच माणसांनी घ्यावा, अधिकाऱ्यांना घरी बसवा, हा तिचा सांगावा. १८३२ ची निवडणूक झाली, आणि १८३३ च्या स्टोर्टिंगमध्ये ९६ पैकी ४५ शेतकरी आले. इतिहासात त्याला ‘शेतकऱ्यांचे स्टोर्टिंग’ म्हणतात.

त्याच वेळी स्टाव्हांगर आम्टातून उले गाब्रिएल उएलान आले. शाळामास्तरकी केलेला हा शेतकरी १८६९ पर्यंत संसदेत राहिला आणि शेतकरी गटाचा पुढारी झाला. १८३७ चा स्थानिक स्वराज्याचा कायदा हे त्या पिढीचे सगळ्यांत टिकाऊ काम. दुसरा वल्ली लिस्टेर ओ मांडाल आम्टातला सोरेन योबेक. १८४५ ते १८९० अशी सुमारे पंचेचाळीस वर्षे तो निवडून येत राहिला. इतका दीर्घ काळ स्टोर्टिंगमध्ये दुसरे कोणी बसलेले नाही. सरकारी खर्चाच्या जवळजवळ प्रत्येक मागणीला विरोधी मत द्यायची त्याची सवय इतकी पक्की होती की लोकांनी त्याच्या आडनावातच ‘नाही’ हा शब्द बसवून टाकला. काटकसर हाच त्याचा जाहीरनामा होता, आणि मतदारांना तो पसंत होता.

निवडून आलेल्या माणसाला नकार देता येत नसे हेही इथेच सांगायला हवे. घटनेने प्रतिनिधित्व हे कर्तव्य मानले. काही ठरावीक कारणे सोडली तर निवड स्वीकारावीच लागते, आणि मध्येच राजीनामा देऊन मोकळे होता येत नाही. हा नियम आजही कायम आहे.

१८७० नंतर योहान स्वेरड्रुप यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी आणि शहरी सुधारक एकत्र आले, आणि राजाच्या मंत्र्यांनी संसदेला उत्तर द्यावे की नाही यावरून संघर्ष पेटला. या काळातली एक युक्ती मोठी गमतीची आहे. मताचा हक्क जमिनीशी बांधलेला होता ना? मग दलदलीचे, कशालाही उपयोगी न पडणारे तुकडे नाममात्र किमतीला भूमिहीनांच्या नावे करायला सुरुवात झाली. तुकडा नावावर, की नाव यादीत. विरोधकांनी अशा मतदारांची ‘दलदलवाले’ म्हणून हेटाळणी केली, पण एकेका आम्टात निकाल फिरवायला ते पुरेसे असत. १८८४ मध्ये मंत्रिमंडळ संसदेला जबाबदार झाले, स्वेरड्रुप पंतप्रधान झाले, व्हेन्स्ट्रे (डावा) आणि होयरे (उजवा) हे दोन पक्ष त्याच वर्षी स्थापन झाले. उत्पन्नावर कर भरणाऱ्यांना मत मिळाले. १८९८ मध्ये सर्व पुरुषांना मिळाले.

दोनास एक

आता एका प्रसिद्ध कलमाकडे वळू. नॉर्वेत त्याला ‘शेतकरी कलम’ म्हणतात. खेड्यांच्या जागा आणि शहरांच्या जागा यांचे प्रमाण कायम दोनास एक राहील, असे ते कलम. मूळ घटनेत हे प्रमाण अंदाजाने धरलेले होते. पण शहरे वाढू लागली, तसे शहरांचे प्रतिनिधीही वाढू लागले. तेव्हा १८५९ मध्ये ते घटनेत पक्के बसवले गेले.

गंमत अशी की हे कलम आयुष्याच्या पूर्वार्धात शहरांच्या फायद्याचे होते. दहा-पंधरा टक्के लोकसंख्येला तेहतीस टक्के जागा. कारखाने आले, बंदरे वाढली, माणसे खेड्यांतून शहरांत गेली आणि कलमाचे एक अक्षरही न बदलता त्याचा लाभार्थी बदलला. विसाव्या शतकात ते खेड्यांचे चिलखत झाले. पुढे जागा कितीही वाढवल्या तरी प्रमाण तेच : १९०६ मध्ये १२३, म्हणजे ८२ आणि ४१, १९१८ मध्ये १२६, म्हणजे ८४ आणि ४२, १९२१ मध्ये १५०, म्हणजे बरोबर १०० आणि ५०.

एकास एक

१९०५ मध्ये स्वीडनशी संबंध तुटला आणि त्याच वर्षी निर्वाचकांची मधली पायरीही गेली. १९०६ पासून एका मतदारसंघातून एक प्रतिनिधी, लोकांच्या थेट मतांनी. पहिल्या फेरीत निम्म्याहून अधिक मते कोणाला मिळाली नाहीत तर दुसरी फेरी, आणि तिच्यात ज्याला सर्वाधिक तो विजयी. ही पद्धत १९१८ पर्यंत पाच निवडणुका चालली. आपल्याकडच्या वाचकाला ती सगळ्यांत ओळखीची वाटेल.

या लहान मतदारसंघांनी काही दारे उघडली. पूर्व फिनमार्कमधून १९०६ मध्ये मजूर पक्षाचे इसाक साबा निवडून आले. सामी समाजाचा हा स्टोर्टिंगमधला पहिला सदस्य. ते शिक्षक होते, लोककथांचे संग्राहक होते, आणि सामी लोकांचे आजचे राष्ट्रगीत त्यांनीच लिहिलेले आहे. मजूर पक्षाला स्टोर्टिंगमधल्या पहिल्या जागाही १९०३ मध्ये उत्तरेनेच दिल्या होत्या. कारखान्यांच्या राजधानीने नव्हे, तर मच्छीमार आणि लहान शेतकरी यांच्या किनाऱ्याने. १९०७ मध्ये ठरावीक उत्पन्नाच्या स्त्रियांना मताधिकार मिळाला, आणि मार्च १९११ मध्ये शिक्षिका आना रोगस्टाड या स्टोर्टिंगमध्ये बसलेल्या पहिल्या महिला ठरल्या. त्या बदली सदस्य होत्या. मूळ सदस्य येन्स ब्राटली यांच्या गैरहजेरीत त्यांनी जागा घेतली. सर्व स्त्रियांना मत १९१३ मध्ये मिळाले.

पण पद्धतीचा हिशेब बिघडत चालला होता. १९१८ मध्ये मजूर पक्षाला देशभरात सुमारे ३२ टक्के, म्हणजे सर्वांत जास्त मते मिळाली, आणि १२६ पैकी जागा मिळाल्या १८. सुमारे २८ टक्के मतांच्या व्हेन्स्ट्रेला ५१. दुसऱ्या फेरीत बाकीचे एकवटत आणि मजुरांचा उमेदवार पडे. रशियात क्रांती होऊन वर्ष उलटले होते. एक तृतीयांश मतदारांना संसदेचे दार असे बंद ठेवणे किती धोक्याचे आहे, हे सत्तेवरच्यांनाही दिसू लागले. १९१९ मध्ये घटना बदलली. १९२१ ची निवडणूक प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने, पक्षांच्या याद्यांवर झाली. त्या पहिल्याच निवडणुकीत राजधानीतून उजव्या पक्षाच्या कारेन प्लाटू आल्या. त्या पूर्ण सदस्य म्हणून निवडून आलेल्या पहिल्या महिला.

शहरांचे झुबके

नवा नकाशा २९ मतदारसंघांचा होता : १८ ग्रामीण, ११ शहरी. मोठी शहरे स्वतंत्र आणि लहान व्यापारी शहरांचे झुबके. ‘नॉर्डलँड, ट्रॉम्स आणि फिनमार्क जिल्ह्यांतील व्यापारी शहरे’ असा एक मतदारसंघच होता. म्हणजे बोडो, ट्रॉम्सो, हामरफेस्ट, वार्डो ही शेकडो मैल किनाऱ्यावर विखुरलेली गावे एकत्र मत देत, आणि त्यांच्या वेशीबाहेर राहणारा शेतकरी मात्र दुसऱ्याच मतदारसंघात. नकाशावर हा प्रकार चमत्कारिक दिसतो. पण कोळ्यांच्या मालाचा व्यापार करणाऱ्या या शहरांचे एकमेकांशी नाते मागच्या डोंगरातल्या गावापेक्षा खरोखरच जवळचे होते.

जिल्ह्यांची नावेही तेव्हाच बदलली. १९१९ मध्ये ‘आम्ट’ जाऊन ‘फिल्के’ आले, आणि डॅनिश कारकिर्दीतली नावे पुसून जुनी नॉर्वेजियन नावे लावली गेली. स्मोलेनेने आम्ट ऑस्टफोल झाला, ब्राट्सबेर्ग टेलेमार्क झाला, दक्षिण बर्गेनहूस होर्डालँड झाला. जुन्या मतदारसंघात कोण कधी निवडून आले हे आज शोधता येते त्याचे मोठे श्रेय ताल्लाक लिंदस्टोल यांना. स्वतः संसद सदस्य राहिलेल्या लिंदस्टोल यांनी घटनेच्या शताब्दीनिमित्त १८१४ ते १९१४ या काळातल्या प्रत्येक प्रतिनिधीची माहिती ग्रंथरूपाने सिद्ध केली. स्मरणिका काढणाऱ्यांनी हेवा करावा असे ते काम आहे.

१९२० च्या एका कायद्याचा परिणाम कलमांच्या भाषेवरून लक्षात येत नाही, इतका तो दूरगामी आहे. यादीत कोणाची नावे असावीत हे जिल्ह्यातल्या पक्षसभासदांनी निवडलेल्या प्रतिनिधींची सभा ठरवील, आणि पक्षाने कायद्याची रीत पाळली तर त्या प्रतिनिधींचा प्रवासखर्च सरकार देईल, असा तो कायदा. यादीवर शेवटचा शब्द जिल्ह्याचा. राजधानीतल्या पक्षश्रेष्ठींना कोणाला वरून लादता येईना. कायदा २००२ नंतर राहिला नाही, सवय मात्र राहिली. पंतप्रधानपदाच्या दावेदारालाही आपल्या जिल्ह्याच्या सभेत वरचा क्रमांक मिळवावा लागतो. ‘वरून तिकीट’ हा शब्दप्रयोग नॉर्वेत कोणाला समजावून सांगणे कठीण जाईल.

१९३८ मध्ये मुदत तीन वर्षांची चार केली. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मन फौजा उतरल्या तेव्हा स्टोर्टिंगचे अध्यक्ष कार्ल योआखिम हाम्ब्रो यांनी राजधानी सोडून सदस्यांना आधी हामार आणि मग एल्वेरुम येथे हलवले. तिथे सरकारला सर्वाधिकार देऊन सभा उठली, आणि पुढची निवडणूक १९४५ च्या ऑक्टोबरात झाली.

अखेर शेतकरी कलम १९५२ मध्ये गेले. त्याबरोबर शहरांचे झुबकेही गेले. १९५३ पासून जिल्हा हाच मतदारसंघ : ओस्लो आणि बर्गेन धरून २०. ओस्लोच्या जागा ७ वरून १३ झाल्या. मतांवरून जागा वाटण्याचे सूत्रही बदलले. जुन्या सूत्राने मोठ्या पक्षाला झुकते माप मिळे. १९४९ मध्ये मजूर पक्षाने ४६ टक्क्यांच्या आत मते घेऊन १५० पैकी ८५ जागा जिंकल्या होत्या. १९७२ मध्ये बर्गेन होर्डालँड जिल्ह्यात विलीन झाले, त्यामुळे १९७३ पासून मतदारसंघ १९. जागा १५५ झाल्या, वाढ ओस्लो आणि आकर्सहूसच्या वाट्याला. १९८५ मध्ये १५७. १९८९ मध्ये १६५, त्यांतल्या ८ समतोल साधणाऱ्या : जिल्ह्यांच्या हिशेबात ज्या पक्षाला मतांच्या मानाने कमी जागा मिळाल्या त्याला, देशभरात किमान ४ टक्के मते असतील तर, भरपाई.

अंतराचे मोल

जिल्हा हाच मतदारसंघ असल्याचा एक परिणाम असा की एखादा जिल्हा रुसला तर तो स्वतःचाच माणूस पाठवू शकतो. १९८९ मध्ये कॉड माशाच्या टंचाईचे संकट ऐन भरात असताना फिनमार्कने आंदेर्स आउने यांना निवडले. त्यांची यादी फक्त त्या एका जिल्ह्यात उभी होती. १९९७ मध्ये नॉर्डलँडने देवमाशांचे शिकारी स्टाइनार बास्तेसेन यांना पाठवले. २०२१ मध्ये पुन्हा फिनमार्कने, आल्टा शहराला पूर्ण सोयींचे रुग्णालय हवे या एका मागणीवर, इरेने ओयाला यांना निवडून दिले. देशभरातली मते हिशेबात न धरण्याइतकी, पण जिल्ह्यातली सुमारे १३ टक्के. केंद्र आणि परीघ यांच्या ताणातून नॉर्वेचे राजकारण समजून घ्यावे, असे उत्तरेत वाढलेले राज्यशास्त्रज्ञ स्टाइन रोक्कान सांगत असत. १९७२ मध्ये युरोपीय समुदायात आणि १९९४ मध्ये युरोपीय संघात जायला, दोन्ही सार्वमतांत, देशाने नकार दिला तो मुख्यतः परिघाच्या बळावर.

आता त्या आकड्यांकडे. २००३ मध्ये घटना दुरुस्त झाली आणि २००५ पासून जागा १६९ झाल्या : १५० जिल्ह्यांच्या, १९ समतोलाच्या, दर मतदारसंघाला एक. जिल्ह्याच्या वाट्याला किती जागा हे गुणांवर ठरवायचे. दर रहिवाशाला १ गुण, आणि दर चौरस किलोमीटरला १.८ गुण. जमिनीला मत देण्याची ही गोष्ट जगातल्या फारच थोड्या घटनांनी इतक्या उघडपणे लिहिली असेल.

याचा अर्थ काय होतो ते पाहा. फिनमार्कचे क्षेत्रफळ सुमारे ४८,६०० चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण ८७,५०० गुण. वस्ती सुमारे ७५,०००. तिथे माणसांपेक्षा मोकळ्या पठाराचेच गुण जास्त. ओस्लोत सुमारे सात लाख माणसे, पण क्षेत्रफळ ४५४ चौरस किलोमीटर, त्याचे गुण जेमतेम आठशे. २०२१ च्या निवडणुकीत ओस्लोला २० जागा होत्या आणि फिनमार्कला ५. म्हणजे राजधानीत सुमारे ३५ हजार माणसांमागे एक प्रतिनिधी, तर उत्तरेच्या टोकाला सुमारे १५ हजारांमागे.

समतोलाची शेवटची जागा तर कधी कधी लॉटरीसारखी लागते. २००५ मध्ये व्हेन्स्ट्रेच्या व्हेरा लिस्क्लेट फिनमार्कमधून स्टोर्टिंगमध्ये पोचल्या, तेव्हा त्यांच्या यादीला त्या जिल्ह्यात हजारसुद्धा मते नव्हती.

हे अन्यायाचे आहे, असे ओस्लोत पुष्कळ जण म्हणतात. माणशी एक मत या तत्त्वाने पाहिले तर आहेच. तरीही मला ही व्यवस्था लबाडीची वाटत नाही. मतदारसंघांच्या सीमा गुपचूप वाकवून कुणाला झुकते माप देणारे देश थोडे नाहीत. इथे झुकते माप घटनेत, दशांश चिन्हासकट लिहिलेले आहे, आणि ज्याला ते पटत नाही त्याला दुरुस्ती मांडता येते. १८१४ मध्ये वेळेत पोचू न शकलेल्या मुलखाला उशिराने मिळालेली ही भरपाई आहे, असा उत्तरेचा युक्तिवाद मला पूर्ण पटत नाही. पण ज्या जिल्ह्यात एका मतदाराला भेटायला प्रतिनिधीला विमान, बोट आणि मोटार अशा तिन्ही वाहनांतून जावे लागते, तिथे डोकी मोजून काम भागत नाही हेही खरे आहे.

यादीपद्धतीचे इतर परिणामही सांगायला हवेत. याद्यांमुळे पोटनिवडणुका नाहीत. सदस्य मंत्री झाला की त्याने सभागृहातली जागा सोडायची आणि यादीतल्या पुढच्या बदली सदस्याने ती घ्यायची, मग सरकार कोणाचेही असो. मतदाराला यादीतल्या नावांचा क्रम बदलण्याची मुभा आहे, पण निम्म्याहून अधिक मतदारांनी तोच बदल केल्याशिवाय तो धरला जात नाही. स्टोर्टिंगच्या निवडणुकीत त्याने निकाल बदललेला नाही. पक्षांच्या याद्यांमुळे महिलांचे प्रमाण मात्र वाढत गेले. २०२१ मध्ये ते सुमारे ४५ टक्के होते, आणि त्याच वर्षी बुस्केरूड मतदारसंघातले, तेहरानमध्ये जन्मलेले मसूद घाराखानी स्टोर्टिंगचे अध्यक्ष झाले.

शेवटचा प्रसंग अलीकडचा. २०१८ मध्ये ट्रोंडेलागचे दोन जिल्हे एक झाले. २०२० मध्ये सरकारने बाकीचा नकाशा मोडून जिल्ह्यांची संख्या ११ वर आणली. आकर्सहूस, बुस्केरूड, ऑस्टफोल मिळून व्हीकेन झाले, ट्रॉम्स आणि फिनमार्क जबरदस्तीने जोडले गेले. फिनमार्कमध्ये इतका संताप उसळला की सरकार बदलल्यावर २०२४ मध्ये यांतले तीन मोठे जिल्हे पुन्हा फोडण्यात आले आणि संख्या १५ झाली. या सगळ्या उलथापालथीत मतदारसंघांना कोणी हात लावला नाही. होर्डालँड आणि सोग्न ओ फ्योराने जिल्हे म्हणून आता अस्तित्वात नाहीत, ते वेस्टलँडमध्ये विरले. हेडमार्क आणि ऑपलँड इनलँडेटमध्ये गेले. पण सप्टेंबर २०२५ ची निवडणूक जुन्याच १९ मतदारसंघांत झाली, आणि या विरलेल्या जिल्ह्यांच्या नावावरही सदस्य निवडून आले.